दोन बोकडांचा कॅमेरा

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात एकही वस्तू नुसती विकत घेतली नाही. प्रत्येक वस्तू त्यांनी पारखून, दमवून, शेवटी बाजारातून हाकत घरी आणली. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. ती गेली, हळ्ळीखेडला कोरडवाहू शेती आली, पण मामांची नजर जनावरांच्या बाजारातच राहिली. छत्री घेताना ते दुकानदाराला ती उघडून धरायला लावत आणि वरून तांब्याभर पाणी ओतत. सायकल घेताना दुकानदारालाच मागे बसवून त्यांनी चढावर नेऊन आणलं होतं. माझं लग्न ठरताना मला बघायलाही हेच आले. बराच वेळ माझ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "पाय बरे हायती." तेवढ्यावर माझं लग्न झालं.

अशा माणसाला डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता. गावातली मंडळी केदारनाथला निघाली होती. खरी ओढ मामींना. लग्नापासून त्या "एकदा केदार दावा" म्हणत होत्या. पण निघायच्या सुमारास त्यांचे गुडघे असे धरले, की डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं. मामा म्हणाले, "मग म्या बी जात न्हाई." मामी म्हणाल्या, "जावा तुमी. आल्यावर मला समदं दावा." आता आली पंचाईत, कारण वर्णन करणं मामांना अजिबात जमत नसे. ताजमहाल पाहून आल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "पांढरा हाय." म्हणून त्यांनी दोन बोकड विकले आणि मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, एवढ्या पात्रतेवर मला घेऊन बिदरचं दुकान गाठलं.

दुकानदाराने काउंटरवर कॅमेरे मांडले. मामांनी एकेकाचं हातावर वजन पाहिलं, कानाशी हलवला, भिंगावर फुंकर मारली. मग विचारलं, "अवलाद कुठली?"

"जपान."

"तितं बरफ पडतंय का?" पडतो म्हटल्यावर मान हलली. "आन् खातंय काय?" दुकानदाराने खास बॅटरी आणि तिचा चार्जर काढला. मामांनी तो कॅमेरा बाजूला सारला. "डोंगरात ह्याला चारा कुटून आणू?" मी मेगापिक्सेल समजावू लागलो, तर म्हणाले, "जावईबापू, तुमी जरा गप ऱ्हावा. सौद्यात घरच्या माणसानं तारीफ करू न्हाई." शेवटी भिंतीवरच्या घड्याळात घालतात तसल्या साध्या सेलवर चालणारा, दिसायला ओबडधोबड असा एक कॅमेरा त्यांच्या मनात भरला. तो टाकून बघायला त्यांनी हात वर नेला, तेव्हा दुकानदार काउंटरवर आडवाच झाला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत; रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, म्हणजे बघ्यांना कळत नाही. मामांनी खांद्यावरचा रुमाल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि आत त्याची बोटं गच्च धरली.

"क्या करतें चाचा? हात छोडो!" तो ओरडला. मामा शांतपणे आणखी एक बोट दाबत राहिले. "ये बकरा नै, कॅमेरा है!"

"म्हून तर दोन बोकडाच्या वर जायना म्या," मामा म्हणाले. गर्दी जमली. निदान हात सुटावा म्हणून त्या बिचाऱ्याने मान डोलावली आणि सौदा पटला.

मामा परत आले तेव्हा फोटो छापून आणायला मीच त्यांच्याबरोबर गेलो, आणि कपाळाला हात लावला. सोबतच्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत मामा एका कडेला उभे, शेजारी मोकळी जागा. घोंगडं एकाच खांद्यावर, दुसरं टोक वाळत घातल्यासारखं हवेत धरलेलं. मागे देऊळ, बर्फ, सगळं होतं. मी म्हटलं, हा रिकामा भाग कापून घेऊ. मामा एकदम तापले. "कातरी लावू नगा!"

घरी मामींनी फोटो मांडीवर घेतले. देवळाला हात जोडले. मग घोंगड्याच्या त्या धरलेल्या टोकावरून त्यांचं बोट हळूहळू फिरत राहिलं. आम्हाला कुणालाच न कळलेली गोष्ट त्यांना कळली होती, आणि आता मलाही कळली.

"वारं लई हुतं व्हय तितं?" मामींनी विचारलं.

मामा चहाच्या कपात बघत म्हणाले, "तुझ्या बाजूला कमी हुतं."

माझी बायको शेजारीच बसली होती. मी उगाच थोडा तिच्याकडे सरकलो.