डॉर्कासच्या जिवावरची जमीन

माझ्या नणंदेला, डॉर्कासला, एका जागी बसवत नाही. दिवसातून तीनदा कुंपणापर्यंत जाते, नदीकडे बघते आणि परत येते. शेनांडोआच्या खोऱ्यात तिला सगळे वेडी म्हणतात. म्हणोत. वेड तिला आमच्या घरानं लावलं.

इथे जमीन माणसांच्या आयुष्यावर मिळते. विलायतेतल्या लॉर्डाच्या कारभाऱ्यानं माझ्या सासऱ्यांना पट्टा लिहून दिला, त्यात तीन नावं: त्यांचं स्वतःचं, थोरल्या मुलाचं आणि दोन वर्षांच्या डॉर्कासचं. तिघांतलं एक जरी जिवंत असेल, तोवर जमीन आमची. धडधाकट पोर बघून नाव घालायचं, अशी इथली रीत. माझा नवरा इनॉक लहानपणी किरकिरा, म्हणून त्याला वगळलं. सासरे झाडाखाली सापडून गेले, थोरले तापानं. किरकिरा इनॉक मात्र बैलासारखा राबतोय! पण पट्ट्यावरची उरली ती एकटी डॉर्कास.

मग तिला घोड्यावर बसायची बंदी, नदी ओलांडायची बंदी. नुसती शिंकली तरी मी कांद्याचा काढा घेऊन हजर.

पंचविसाव्या वर्षी तिला एमॉस खोगीरवाल्यानं मागणी घातली. तो ओहायोला निघाला होता. इनॉक उसळला, "तिकडे तू जगलीस की मेलीस, इथे कोण सिद्ध करणार? कारभारी दारात येऊन उभा राहील!"

तेवढ्यात लॉर्डाच्या जमिनींच्या खटल्यात आमच्या राज्याच्या, रिचमंडच्या वरच्या कोर्टाचा निकाल आला. लॉर्डाच्या वारसांचा हक्क संपला, जमीन ज्यानं सरकारकडून घेतली त्याची. म्हणजे आमचा पट्टा रद्दी, आणि डॉर्कास मोकळी. मी चुलीपाशी रडत होते आणि डॉर्कास गुणगुणत बोचकं बांधत होती. मला तिचा असा राग आला!

"अपील वॉशिंग्टनला, देशाच्या कोर्टात गेलंय," इनॉक म्हणाला. "तोवर थांब गं."

"दादा, रिचमंडवाले म्हणतात, आमच्यावर अपील ऐकणारे ते कोण?"

"ते ठरेपर्यंत थांब."

वॉशिंग्टननं निकाल फिरवला, बोचकं सुटलं. रिचमंडनं तो झिडकारला, पुन्हा बांधलं गेलं. ओहायोला जाणं पुढे ढकलत एमॉस दरवर्षी सफरचंदं उतरवून झाली की विचारायला यायचा. शेवटी वॉशिंग्टननं ठणकावलं: अशा अपिलात शेवटचा शब्द आमचाच, आणि जमीन लॉर्डाच्या वारसांचीच. आमचा पट्टा जिवंत झाला. इनॉकनं टोपी उडवली, पोरं नाचली. मीही नाचले, खोटं कशाला बोलू?

एमॉसची गाडी दारात उभी होती. डॉर्कासनं आमच्या चार पोरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, तू म्हण, जा. एकदाच म्हण."

मी धाकट्याचं नाक पुसत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते. एमॉस एकटाच गेला.

काल जेवताना मक्याच्या भाकरीचा घास तिच्या घशात अडकला. खोकून खोकून चेहरा लाल झाला. इनॉकचा चमचा हवेतच राहिला, पोरांचे घास हातात, माझी पळी भांड्यात. ती घटाघटा पाणी प्यायली आणि आम्हा सगळ्यांवरून तिनं नजर फिरवली.

"जेवा," ती म्हणाली. "आहे मी अजून."