भर बाजारात रिकामी केलेली पिशवी

रंगमंचावर मी बरीच वर्षं दारुडा केला. गॅसबत्तीच्या उजेडात मी झोकांड्या खात प्रवेश घेतला की शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला जायचा. ते दिवस आठवले की अजून अंगावर रोमांच उभे राहतात. पण ती झोकांडी माझ्या मर्जीची होती, आणि पडदा पडला की मी पुन्हा माणसांत यायचो. जिवा भोयेला मात्र एका साहेबाने भर बाजारात ती भूमिका जबरदस्तीने करायला लावली. त्याला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली. माझा संताप काही उतरलेला नाही.

जिवा मोखाड्यातल्या एका कचेरीत शिपाई होता. मूळचा सूर्यमाळच्या वरच्या पाड्याचा. उंच, सावकाश चालणारा, कमी बोलणारा माणूस. दर आठवड्याला टपाल घेऊन तो जीपने जव्हारला जायचा आणि येताना कचेरीतल्या सगळ्यांची औषधं आणायचा. कुणाला काय झालंय, कुणाच्या बायकोला काय झालंय, हे सगळं त्याला ठाऊक. दुकानदार चिठ्ठी वाचून डोळा मारायचा, पण जिवा पुडकं पिशवीत टाकून निघायचा. त्याच्या तोंडून कुणाच्या दुखण्याचं अक्षरही कधी बाहेर पडलं नाही.

मग तो स्वतःच आजारी पडला. आजार कोणता, ते मी लिहिणार नाही. वाचक पुढे सरसावून बसला असेल तर त्याने खुशाल मागे टेकून बसावं. एवढंच सांगतो, की त्याच्यापासून कुणाला काही लागण होणार नव्हती आणि गोळ्यांनी तो बरा होणार होता. पण गावात नाव फुटलं असतं तर त्याच्या मुलीचं, चैतीचं, ठरत आलेलं लग्न मोडलं असतं, आणि पाणवठ्यावर त्याच्या बायकोला, बाळीला, बायकांनी लांब उभं केलं असतं. म्हणून जिवा गोळ्या पाकिटातून सोडवून फडक्यात बांधायचा आणि दुपारी गुपचूप घ्यायचा. त्या घेतल्या की त्याला गुंगी यायची. हातातला पेला निसटायचा.

त्याच सुमारास कचेरीत शहरातून नवा साहेब आला. इकडची माणसं म्हणजे सकाळपासून प्यायलेली, असं तो येतानाच ठरवून आला होता.

बाजाराचा दिवस होता. कचेरीसमोर गुलामभाईंचं शिवणाचं दुकान. आमच्या नाटकांचे अंगरखे त्यांनीच शिवलेले, त्यामुळे माझी बैठक तिथेच. इतक्यात व्हरांड्यात पेला फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ साहेब ओरडला, "काय रे, आज काय घेऊन आलास? मोहाची की गोळ्या?"

जिवा काचा गोळा करत होता. साहेबाने खुंटीवरची त्याची पिशवी काढली आणि सगळ्यांदेखत बाकावर रिकामी केली. नागलीची भाकर, लसणाची चटणी, कंगवा, आणि ते फडकं. साहेबाने गाठ सोडली.

"या कसल्या गोळ्या?"

"औषध हाय, साहेब."

"कुणाचं?"

"माझं."

"कशावर?"

जिवा वाकून उरलेल्या काचा वेचू लागला. कोंबड्या घेऊन आलेले, मिरच्या विकणारे, जीपची वाट बघणारे, सगळे पायऱ्यांशी जमले.

"नशेच्याच आहेत! चाल, या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव."

जिवा चालू लागला. गुंगीत पाय चुकला आणि गर्दी खदखदली. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "मास्तर, तुमचा बेवडा याने उचलला बघा!" माझ्या मस्तकात तिडीक गेली. अरे, मी तिकीट लावून, तोंडाला रंग फासून ते करत होतो! या माणसाच्या तोंडाला कुठला रंग होता?

अर्ध्या रेघेवर जिवा थांबला. "बस झालं साहेब. शिमग्याला मी घरी पितो, खोटं कशाला बोलू? पण कचेरीत पिऊन आलो नाय. तपासायचं तं दवाखान्यात धाडा. हितं मी चालणार नाय."

"मग उद्यापासून येऊही नकोस."

मी आणि गुलामभाईंनी त्याला तिथून थेट दवाखान्यात नेलं. ममताबाई म्हणून तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी दार लावून त्याला तपासलं. आम्ही बाहेर. थोड्या वेळाने त्यांनी दोन ओळी लिहून दिल्या: दारू किंवा अमली पदार्थाचा अंमल नाही, गोळ्या उपचाराच्या आहेत, त्यांनी गुंगी येते.

आम्ही कचेरीत परतलो. साहेबाने त्या वाचल्या आणि विचारलं, "आजाराचं नाव कुठंय?"

त्याने डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांचा आवाज आम्हाला पलीकडून ऐकू आला. "तुम्ही नशेचं विचारलंत, त्याचं उत्तर दिलंय. बाकीचं त्याचं आहे."

साहेबाने फोन आपटला. "नाव सांग, आत्ता कामावर घेतो. नाहीतर घरी बस."

म्हणजे पाहा! नोकरी हवी तर मुलीचं लग्न आणि बायकोची पत टेबलावर ठेव. हा कुठला कायदा? गुलामभाई जिवाच्या कानाशी लागले. "अरे, या साहेबाचंही पुडकं तूच आणतोस ना? बोल की त्यातलं! बाहेर जाऊन ओरडून बोल!"

मी असतो तर ओरडलो असतो, मागच्या रांगेपर्यंत. जिवाने आम्हा दोघांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू यायचं ते आलं.

"साहेब, तुमचं औषध दर आठवड्याला मी आणतो. कशाचं ते मला म्हायती हाय. मी कवा कुणाला बोललो?"

आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"मला धमकी देतोस?"

"नाय साहेब. पुढच्या आठवड्यालाबी आणीन. तवाबी बोलणार नाय. तसंच माझंबी राहू द्या, एवढंच."

साहेब हळू आवाजात म्हणाला, "जा, कामाला लाग."

इथे गोष्ट सुखाने संपली असं कुणाला वाटेल. अजिबात नाही! आरोप व्हरांड्यात, शे-दीडशे माणसांसमोर, आणि सुटका बंद दाराआड? जिवा दारातच उभा राहिला. "भाईर बोललं ते भाईरच फिरवा, साहेब."

"झालं ते झालं," साहेब म्हणाला.

पण जिवा गप्प बसणारा नव्हता. पुढच्या बाजारापर्यंत तो रोज सकाळी तेच विचारत राहिला. मी म्हटलं, "आण तो कागद. माझा आवाज बसस्टँडपर्यंत जातो."

"नको मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही वाचलं तं लोकांना नाटक वाटेल. कचेरीने वाचाय पायजे."

अखेर बाजाराच्या दिवशी साहेबाने हर्षालीताईंना, तिथल्या कारकून बाईंना, बाहेर पाठवलं. स्वतः आला नाही. हर्षालीताई व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि सातबारा वाचावा तशा सपाट आवाजात त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या.

ऐकायला कोण होतं? तमाशाला लोटलेली तीच गर्दी आता मिरच्यांचा भाव करत होती. दोघा-तिघांनी मान वळवली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "काय, रॉकेल आलं का?" मी पायऱ्यांवर उभा होतो. वाटलं, एकेकाची मानगूट धरून सांगावं, हसायला वेळ होता ना, मग आता ऐका!

"ताई, आणखी एकदा वाचा," जिवा म्हणाला.

त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी जरा मोठ्याने. कोंबडीवाल्याने हातातली कोंबडी खाली ठेवली. मागच्या बाजारात तोच सगळ्यांत जोरात हसला होता. तो म्हणाला, "म्हणजे पिऊन नव्हता?"

"नव्हता," हर्षालीताई म्हणाल्या.

"मग झालं होतं काय त्याला?"

"ते तुला कशाला पायजे?" जिवा म्हणाला, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.