चिंचोक्यांचं घर

ताई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला मी भाषण पाठ करून गेलो आणि तिसऱ्याच वाक्याला अडकलो. आरशासमोर चारदा म्हटलं होतं, कचेरीच्या सायकल-स्टँडवर एकदा, आणि बायको पोळ्या लाटत असताना तिला दोनदा ऐकवलं होतं. ‘शकुंतलाताई म्हणजे मायेचा सागर’ इथपर्यंत गाडी वेळेवर आली, पुढचं स्टेशनच गायब. समोर पांढऱ्या कपड्यांतली शंभरेक माणसं. मी पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली, वेग घेतला की उडी बसेल या आशेने... पुन्हा सागरापाशी येऊन थांबलो. तिसऱ्यांदा सुरू करणार तोच भंतेजींनी अत्यंत करुणेने माइक स्वतःकडे ओढून घेतला. ताई असती तर पदर तोंडावर दाबून हसली असती आणि म्हणाली असती, “बाबू, तू काही सुधरला नाही गा!”

आणि तिचं खरंच होतं. कारण हीच चूक मी वीस-बावीस वर्षांपूर्वी तिच्यासमोर केली होती, आणि तेव्हा पणाला माझं भाषण नव्हतं, दोन लेकरं होती.

शकूताई माझी सख्खी मोठी बहीण. महापालिकेच्या शाळेत मास्तरीण, राहायला जरीपटक्याच्या अलीकडे, दोन दारांच्या एका खोलीत. लग्न केलं नाही. काहून नाही केलं, असं विचारणाऱ्याला ती चहा पाजायची आणि उत्तर द्यायची नाही. आमचे बाबा रेल्वेत फिटर, त्यामुळे आमचं लहानपण मोतीबागेच्या क्वार्टरांत गेलं. आजूबाजूला सगळी बंगाली घरं. त्या शेजारातून मी फक्त मासळीची आवड उचलली. ताईने अख्खी भाषा उचलली. भांडायचीसुद्धा बंगालीत.

साठीच्या दशकाचा मध्य असेल. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना चांद्याकडच्या जंगलपट्टीत जमिनी देऊन वसवणं चाललं होतं. ज्या मुलांसोबत कुणीच मोठं माणूस उरलेलं नसे, त्यांना मात्र आमच्या शहराबाहेरच्या एका छावणीत उतरवून घेत आणि तिथे त्यांची मुलाखत होई. मुलाखत म्हणजे चौकशीच. गाव कोणतं, बाप कोण, हा तुझा भाऊच कशावरून? कुटुंब मोठं दिसावं म्हणून काही लोक भलतीच मुलं आपली म्हणून उभी करत, त्यामुळे चौकशी करणारा साहेब प्रत्येक पोराकडे चोरीच्या सायकलीकडे पाहावं तसं पाहायचा. बोलणं पटलं, तर मुलांना नातेवाइकांकडे पाठवत. नाही पटलं, तर मुलगी एका गावच्या अनाथाश्रमात, मुलगा दुसऱ्या गावच्या. साहेबाला बंगाली येत नव्हतं, म्हणून दुभाषी म्हणून ताईला बोलावलं. शाळा सुटली की ती सायकलने छावणीत. आठवडाभरात दुभाषीपण मागे पडलं आणि ती त्या पोरांची वकील, न्हावी, डॉक्टर, सगळंच होऊन बसली.

तिची पद्धत मात्र विचित्र होती. वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा चिंचोक्यांनी भरून ती सोबत न्यायची. नवीन पोर आलं की त्याच्यापुढे डबा जमिनीवर ओतायची, बंगालीत म्हणायची, “तुझं घर मांड,” आणि स्वतः बाजूला बसून तांदूळ निवडायला लागायची. एक प्रश्न नाही! पोर पहिल्या दिवशी चिंचोके नुसते चिवडायचं, दुसऱ्या दिवशी एक भिंत मांडायचं, तिसऱ्या दिवशी अंगण, गोठा, विहीर... आणि मांडता मांडता आपोआप बोलायला लागायचं.

मला हे फार वेळखाऊ वाटे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मॅट्रिकच्या पोरांच्या शिकवण्या घेत होतो. येणारे प्रश्न हेरायचे आणि उत्तरं घोटून घ्यायची, यात माझा हातखंडा! ताईने मला छावणीत मदतीला नेलं तेव्हा फाटकातच थांबवलं.

“यायच्या संग कंचे खेळ, पतंग उडव, काहीबी कर. पण सवाल-जवाब करू नको. समजलं?”

“समजलं.”

“काहून नाही करायचे?”

“तू सांगून राहिली म्हणून.”

“म्हणजे नाही समजलं,” ती म्हणाली आणि आत गेली.

तिथे मिनू आणि गोपाल होते. मिनू अकराची, गोपाल सहाचा. आई वाटेतल्या एका छावणीत तापाने गेलेली. काका-काकू सोबत होते, पण गोपालला गोवर निघाला म्हणून त्याला मागे ठेवलं, मिनू हट्टाने त्याच्यापाशी राहिली, आणि काकांची गाडी पुढे निघून गेली. आईच्या नावाचं कार्ड, ज्यावर या दोघांची नावं होती, ते कुठेतरी हरवलं होतं. आता काका चांद्याकडच्या वसाहतीत आणि ही दोघं इथे, कागदावर कुणाचीच कुणी नाहीत. गोपाल झोपतानाही मिनूच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून असायचा. साहेबाला पटलं नाही तर ती मूठ सोडवावी लागणार होती, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मुलाखत दोन दिवसांवर आली आणि ताईच्या शाळेत नेमकी तपासणी निघाली. ती दोन दिवस येऊ शकली नाही. माझ्या अंगात मास्तर संचारला! मी मिनूकडून सगळी माहिती काढली, मोडक्यातोडक्या हिंदीत सहा उत्तरं तयार केली, आणि दोघांकडून घोकून घेतली. छावणीत राहून पोरं कामापुरती हिंदी शिकलीच होती. पहिला प्रश्न गाव, दुसरा घर, तिसरा गाई, अशी पक्की रांग. गोपाल तर इतका तयार झाला की मी बोट वर केलं की सुरू. मी खूश. आपला विद्यार्थी पहिल्या वर्गात पास!

मुलाखतीला ताई वेळेवर आली, मी तिच्या मागे उभा राहिलो. साहेबाने रांग मोडली. मिनूला विचारलं ते विचारलं, मग गोपालकडे वळून एकदम म्हणाला, “तेरी माँ कहाँ है?”

गोपालने माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून, सवयीने, बोट वर केलं... आणि पोराने खणखणीत आवाजात सांगितलं, “दो गाय थी. एक काली, एक सफेद.”

खोलीत कुणीही हसलं नाही. साहेबाने फाइल मिटली. “बहनजी, बच्चे सिखाए हुए हैं. दोनों के मुँह में एक-एक लफ्ज़ वही.”

ताईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, “दोघायनं येकच पाठ म्हटला, बाबू. पाठ झाला, घर नाही झालं.” मग साहेबाकडे वळली. “साहेब, बच्चों ने झूठ नहीं बोला. झूठ मेरे भाई ने बोला, उनके मुँह से. एक बार मेरे तरीके से पूछिए. मैं मुँह से एक शब्द नहीं निकालूँगी.”

साहेबाने चष्मा काढला, पुसला, घातला. “कल ग्यारह बजे. और ये मास्टर अंदर नहीं आएगा!”

म्हणून दुसऱ्या दिवशीची मुलाखत मी खिडकीतून पाहिली, भिंतीला टेकवलेल्या सायकलीच्या कॅरियरवर उभा राहून, गज धरून. आधी एकटी मिनू आली. ताईने खोलीच्या फरशीवर डबा ओतला आणि भिंतीपाशी जाऊन बसली. मिनूने भराभरा मांडलं: मोठं दार, दोन खोल्या, दारासमोर तळं, तळ्याकाठी वाट. कारकुनाने ते कागदावर उतरवलं. चिंचोके गोळा झाले, मिनू बाहेर, गोपाल आत. तो बराच वेळ डब्याच्या झाकणाशीच खेळत बसला. साहेब घड्याळ पाहायला लागला. मग गोपालने तीन चिंचोके ठेवले, चूल. तिच्याजवळ दार. दाराशी एक उभा ढीग, फणसाचं झाड. त्यावरून आपण पडलो होतो हे कोपर दाखवून सांगितलं. मग खोल्या. आणि सगळ्यात शेवटी, घराच्या पार पाठीमागे, तळं.

“लो!” साहेब म्हणाला. “बहन का तालाब सामने, भाई का पीछे. एक तो झूठा है.”

माझा पाय कॅरियरवरून सटकला, मी गजाला लोंबकळलो. ताईने तोंड उघडलं नाही. दिलेला शब्द ती पाळत होती! फक्त उठली, गोपालच्या चुलीजवळच्या दारावर बोट ठेवलं, आणि साहेबाकडे पाहिलं. साहेब चिडून गोपालला म्हणाला, “ये कौन सा दरवाज़ा है?”

“मायेर दोरजा,” गोपाल म्हणाला. आईचं दार. आई दिवसभर तिथेच असायची, तो तिथूनच आत-बाहेर करायचा. पुढचं दार मोठ्या माणसांचं.

मग, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, साहेब खुर्चीवरून उठला, पँट गुडघ्यांवर वर ओढून घेतली, चिंचोक्यांच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि चक्क उकिडवा बसला. तिकडून पाहिल्यावर तळं समोर आलं. कारकुनाचा कागद त्याने शेजारी धरला. तेच घर! मग त्याच घरात राहणाऱ्या काकांनी वाटेतल्या छावणीत दिलेला जुना जबाब फाइलमधून काढला. दोन दारं, पूर्वेला तळं, पश्चिमेला स्वयंपाक. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलोही. साहेबाने खिडकीकडे न पाहता सांगितलं, “मास्टर को बोलो, नीचे उतरे.”

एका कार्डावर दोन नावं आली. चांद्याकडे जाणाऱ्या लॉरीत बसताना गोपालच्या मुठीत फ्रॉकचं टोक होतंच. घरी येताना मी ताईची माफी मागितली. ती सायकल हातात धरून चालत होती. म्हणाली, “आपल्या घरचा धर्म बदलला तेव्हा शाळेच्या कारकुनानं मले फॉर्मावर काय लिहू म्हणून विचारलं, अन् माह्या तोंडून निघायच्या आधी स्वतःच लिहून टाकलं, जुनंच. तेव्हापासून मी ठरवलं, कोणाचं उत्तर आपण नाही द्यायचं.” त्यानंतर किती पोरांनी तिच्यापुढे घरं मांडली, मला माहीत नाही. तिने मोजली नाहीत.

गेल्या महिन्यात एका सकाळी, शाळेला निघायची तयारी करताना, ती गेली. पुण्यानुमोदनाला मिनू आणि गोपाल आले होते. मिनूचे केस पिकायला लागलेत, गोपाल ट्रक चालवतो. माझी माइकवरची फजिती झाल्यावर तो हळूच जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानात म्हणाला, “मास्टरजी... दो गाय थी. एक काली, एक सफेद.” आम्ही दोघं त्या पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत तोंड दाबून हसलो, आणि मग हसणं राहिलं नाही.

डबा आमच्याकडे आला. त्याच संध्याकाळी बायकोने तो माझ्यापुढे ओतला. “भाषण जाऊ द्या. मांडा ताईची खोली.” मी मांडली. रस्त्याचं दार, माझी खुर्ची, पलंग, पुस्तकांची फळी, आणि दूर डाव्या कोपऱ्यात स्टोव्ह.

“स्टोव्ह उजव्या हाताले होता,” बायको शेजारी बसत म्हणाली.

“डाव्या! मी इतकी वर्षं पाहिला.”

“म्या इतकी वर्षं पेटवला.”

तिने शेजारी दुसरी खोली मांडली. दारातून आत गेलं की लगेच उजवीकडे स्टोव्ह, माठ, पाट, ताईची शाळेची पिशवी. माझी खुर्ची कुठेतरी लांब टोकाला. दोन्ही खोल्यांकडे मी आळीपाळीने पाहत राहिलो. वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठली, माझ्या खोलीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसली, आणि जिथे मी दार मांडायचं विसरलो होतो तिथे दोन चिंचोके ठेवले.

“बरोबर मांडलं जी तुम्ही,” ती म्हणाली. “तुम्ही पुढच्या दारानं येत होते, पाहुण्यासारखे. मी मागच्या दारानं जात होती.”