चट्ट्याचा केसपेपर

बुधवार, २१ जानेवारी १९५३. सकाळी दाट धुकं, विहिरीवरचा रहाट दिसत नव्हता. नऊनंतर स्वच्छ ऊन. आवारात एक कुत्रं शिरलं आहे. पांढरं, अंगावर तीन तांबूस चट्टे. हाकलणे.

ही माझ्या रोजवहीतली नोंद. त्यातलं 'हाकलणे' हे काम अजून शिल्लक आहे.

वर्ध्याहून हिंगणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. मी तिथे ड्रेसर, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणारा. कुणाची जखम किती भरली हे विसरू नये म्हणून मी रोजवही लिहितो. पण आता मागची पानं चाळली तर दर दोन जखमांच्या मध्ये हे कुत्रं बसलेलं दिसतं. किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. उकळलेल्या पट्ट्या दोरीवर वाळत घालताना एक जण एक सांगतो, दुसरा म्हणतो, "तसं नाई, मी सांगतो," आणि पट्ट्या वाळेपर्यंत चार गोळा होतात. त्यातले काही इथे उतरवतो आहे.

*

पहिला मान गणपतचा. गणपत हिंगणघाटच्या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. रोग झाला तशी नोकरी गेली, जीभ मात्र शाबूत राहिली. कुत्रं आलं त्याच आठवड्यात त्यानं जाहीर केलं, की हा आपल्यातलाच आहे, अंगावर तीन तीन चट्टे असून गावात कोण ठेवील? म्हणून नाव पडलं चट्ट्या.

आमच्याकडे नवा रोगी आला की डॉक्टरसाहेब त्याला उन्हात बसवतात, डोळे मिटायला सांगतात आणि चट्ट्यावर मोराचं पीस हलकेच टेकवतात. जिथे पीस लागलं तिथे रोग्यानं बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर तिथली जाणीव गेली, म्हणजे रोग.

गणपतनं ते पीस पैदा केलं. चट्ट्याला ओसरीवर बसवलं, त्याच्या डोळ्यांवर आपला दुपट्टा बांधला आणि पाठीवरच्या चट्ट्याला पीस लावलं. चट्ट्यानं मान वळवून नेमकी तीच जागा चाटली. दुसऱ्या चट्ट्याला लावलं, तीही चाटली. तिसरा शेपटीच्या मुळाशी होता, तिथे पोचायला त्याला गोल फिरावं लागलं, पण जागा चुकली नाही. भोवती वीसेक मंडळी जमली होती. एवढी माणसं एका वेळी हसताना मी त्या आवारात पहिल्यांदाच पाहिली.

मागे डॉक्टरसाहेब कधी येऊन उभे राहिले ते कुणाला कळलंच नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "ड्रेसर, केसपेपर काढा. नाव चट्ट्या. निदान, नुसतेच चट्टे."

मी काढला. तो अजून फायलीत आहे.

*

मंगळवार आणि शुक्रवार हे इंजेक्शनचे दिवस. नव्या गोळ्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि सगळ्यांना पुरत नव्हत्या. बाकीच्यांना कडुकवठीच्या तेलाची इंजेक्शनं. तेल घट्ट, सुई जाड, आणि एकाच बैठकीत पुष्कळ टोचण्या. बरीचशी माणसं सोमवारपासूनच जेवत नसत.

महादेव नावाचा एक पैलवान गडी होता. अल्लीपूरच्या आखाड्यात त्यानं नाव काढलं होतं. सुई दिसली की तो रडायचा. एका शुक्रवारी चट्ट्या त्याच्या शेजारी येऊन बसला. महादेवानं त्याचा कान धरला, डोळे मिटले आणि सगळ्या टोचण्या निमूट सोसल्या. मग रांगेत पुढच्यालाही कान हवा झाला, त्याच्या पुढच्यालाही. ज्याच्या बोटांत पकड नव्हती त्यानं कोपर चट्ट्याच्या पाठीवर टेकवलं.

त्या दिवशी अकरा जणांनी कान धरला. बारावा बसला तेव्हा चट्ट्या उठला, अंग झाडलं आणि निघून गेला. बारावाही उठला. मी विचारलं, कुठे चालला? तर शांतपणे म्हणाला, "डॉक्टर गेले ना. मंगळवारी येतो."

*

चट्ट्याला एक गोष्ट मात्र मी शिकवली, आणि त्याला चार महिने लागले. ड्रेसिंगच्या खोलीत त्यानं यायचं नाही आणि कुणाची उघडी जखम चाटायची नाही. मारलं नाही. दर वेळी उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं, एवढंच. शेवटी त्याला पटलं. तो उंबऱ्याबाहेर बसू लागला. फक्त नाक आत.

*

ऑगस्ट १९५४ मध्ये सरूबाई आली. बैलगाडीतून. गाडी तिचा मुलगा नामदेव हाकत होता. अल्लीपूरच्या पलीकडच्या खेड्यातला, बावीस-तेवीस वर्षांचा. फाटकाशी गाडी थांबली, सरूबाई स्वतःच खाली उतरली, स्वतःच गाठोडं घेतलं आणि आत आली. मुलगा गाडीवरच बसून राहिला.

त्यानंतर एकोणीस दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायची. गोळी दिली तर घ्यायची, पट्टी बांधताना हात पुढे करायची, बस. बायकांच्या वॉर्डातल्या सगळ्यांनी तिला बोलतं करायचा प्रयत्न करून पाहिला. गणपतनंही खिडकीतून दोन विनोद सोडले. ते वाया गेले.

विसाव्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी वॉर्डातून एक अनोळखी आवाज आला. "माह्या भाकरीवर डोया काऊन ठेवून राह्यला रे? तुले कोणी देल्ली नाई काय?"

सगळ्या बायकांचे हात ताटातच थांबले. सरूबाई उठून बसली होती आणि समोर चट्ट्या. तिनं अर्धी भाकरी मोडून त्याला दिली आणि मग बाकीच्यांकडे पाहून म्हणाली, "उपाशी हाय बिचारा."

तो उपाशी नव्हता. त्याच्या आधी तो पाच खाटांवर जेवून आला होता. ते तिला सांगायचं नाही असं वॉर्डात ठरलं.

*

पुढे सरूबाई बोलू लागली, पण माणसांशी कमी आणि चट्ट्याशी जास्त. तिची सगळी हकिगत आम्हाला त्याच्यामुळे कळली. ती त्याला सांगायची आणि अख्खा वॉर्ड ऐकायचा. नवरा लवकर गेला. एकच मुलगा. गावात कुजबुज सुरू झाली तशी मुलाची सोयरीक मोडली. मुलगा कधी वाकडं बोलला नाही. पण हळूहळू तो तिचं ताट लांबून सरकवू लागला, मग उंबऱ्याबाहेर ठेवू लागला.

एकदा तिच्या हाताला पट्टी बांधत होतो. चट्ट्या उंबऱ्याशी, नाक आत. त्याच्याकडे पाहत ती म्हणाली, "माह्या बोटाईले काईच समजत नाई, ड्रेसरभाऊ. म्हून मी याच्या पाठीवर गाल ठेवते. गालाले समजते. गरम हाय म्हणून."

मी म्हटलं, बरं होईल, गोळ्या नियमानं घ्या.

ती म्हणाली, "बोटाचं राहू द्या. पोरगं एकडाव जवळ येऊन बसलं पाह्यजे. मंग काई मागणं नाई."

मी गाठ मारली.

*

मध्ये चपलांचं प्रकरण झालं. चट्ट्या चपला पळवतो अशी तक्रार आली. पकडला तेव्हा तोंडात चप्पल होती, त्यामुळे वकिली करायला जागा नव्हती. पण आमच्याकडे पायांतली जाणीव गेलेली माणसं बरीच. चालता चालता चप्पल निघून पडली तरी पायाला कळत नाही, माणूस तसाच काट्यांतून चालत राहतो आणि संध्याकाळी माझ्याकडे जखम घेऊन येतो. म्हणून मी पंधरा दिवस नोंद ठेवली.

चट्ट्यानं एकूण नऊ चपला उचलल्या. त्यातल्या सहा वाटेत पडलेल्या होत्या आणि त्या घेऊन तो ज्याच्या त्याच्या मागे धावला होता. महादेव पैलवान तर अर्धा फर्लांग एका पायानं अनवाणी गेला होता, त्याला चट्ट्यानं गाठलं. मी हे सगळं डॉक्टरसाहेबांपुढे वाचून दाखवलं. साहेब खूश झाले. म्हणाले, कुत्र्याला काय कळतं म्हणतात ते उगाच.

मग त्यांनी विचारलं, राहिलेल्या तीन कुठल्या?

त्या तिन्ही साहेबांच्याच होत्या. दोन चावलेल्या.

*

एकदा नागपूरहून एक मोठे पाहुणे भाषणाला आले. खुर्ची आवाराच्या या टोकाला, रोगी त्या टोकाला. पाहुण्यांनी रोग्यांना प्रेमाची गरज आहे या विषयावर पाऊण तास भाषण केलं. नाकावर अत्तराचा रुमाल होता, त्यामुळे प्रेमाचा बराचसा भाग आम्हाला ऐकू आला नाही. मध्येच चट्ट्या मधली सगळी मोकळी जागा ओलांडून गेला आणि त्यांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर पाठ टेकून बसला. पाहुणे ताठ झाले. हलवेनात पाय, बोलवेना पुढचं वाक्य.

गणपत त्या टोकाकडून अदबीनं ओरडला, "भिऊ नका साहेब, त्याची तपासणी झाली हाय."

भाषण तिथेच संपलं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. ते मी थोडक्यात उरकलं.

*

आता नामदेवाची गोष्ट.

आईला सोडून गेल्यावर तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायकलवर येऊ लागला. एकही रविवार त्यानं चुकवला नाही. फाटकाबाहेर बाभळीखाली सायकल लावायची, ज्वारीचं पीठ किंवा तुरीच्या शेंगा दगडावर ठेवायच्या आणि हाक मारायची, "माय, आलो." सरूबाई आतल्या निंबाच्या ओट्यावर येऊन बसायची. तिथून दोघं बोलायची. कपाशी कशी आहे, गाय व्याली का, छपराचं काय केलं. मधलं अंतर मी एकदा मोजलं होतं. बावीस पावलं.

फाटक कधीच बंद नसतं. डॉक्टरसाहेबांनी त्याला दोनदा समजावलं, की तिच्या गोळ्या चालू आहेत, शेजारी बसल्यानं काही होत नाही. तो मान खाली घालून "हो साहेब" म्हणाला आणि बाहेरच उभा राहिला. सरूबाई त्याला कधी 'ये' म्हणाली नाही. ती मागणी ती चट्ट्यापाशी करायची, एकदा फक्त माझ्यापाशी केली.

पण चट्ट्याला अंतर ठाऊक नव्हतं. तो ओट्यावर सरूबाईच्या मांडीत डोकं खुपसून पडायचा, मग उठून फाटकाबाहेर नामदेवाकडे जायचा, परत आत यायचा. नामदेवाला कुत्र्यांची आवड. तो त्याची मान खाजवायचा, कानामागच्या गोचिड्या काढायचा. बोलणं संपलं तरी तो चट्ट्यासाठी थोडा रेंगाळायचा.

गेल्या महिन्यातला, म्हणजे नोव्हेंबर १९५५ मधला पहिला रविवार. हवा कोरडी, ऊन सौम्य, दुपारनंतर उत्तरेचा वारा. मी ओसरीवर पट्ट्या गुंडाळत होतो आणि गणपत फाटकाशी बसून विडी ओढत होता. नामदेव उकिडवा बसून दोन्ही हातांनी चट्ट्याची मान चोळत होता. चट्ट्यानं त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. गणपत थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तू ज्याले कवटाळून राह्यला, थो आत्ताच तुह्या मायच्या मांडीवरून उठून आला. दर खेपेस तसाच येते."

मला गणपतचा राग आला. गणपतलाही बहुधा स्वतःचा आला, कारण त्यानं विडी विझवली. नामदेवाचे हात होते तिथेच थांबले. त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा उठेल, सायकल घेईल आणि पुढचा रविवार काही येणार नाही.

सरूबाईनं सगळं ऐकलं होतं. ती ओट्यावरून उठली. "नामा, हात धुऊन घे," ती म्हणाली. "हौद आत हाय. ये, मी बाजूले होते."

हौदाकडची वाट निंबाजवळून जाते. ती मोकळी व्हावी म्हणून सरूबाई झाडाच्या पलीकडे जाऊन पदर सावरून उभी राहिली, पाठ करून. नामदेव फाटकातून आत आला. मागून चट्ट्या. ओट्यापाशी नामदेव थांबला. हौद पुढे दहा पावलांवर होता. तो तिथेच उभा राहिला, इतका वेळ की माझ्या हातातली पट्टी सुटून खाली पडली आणि मी ती उचलली नाही.

मग तो म्हणाला, "माय, बस ना."

रोजवहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे : नामदेव तीन वाजून वीस मिनिटांनी आत आला. ओट्यावर आईशेजारी बसला. पाच वाजता गेला. हात धुतले नाहीत.