फोम मारायचा नसतो

आमच्या साहेबांचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरायचं. साहेब म्हणजे कोणी मोठा अधिकारी नव्हे. नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख, हाताखाली आम्ही तिघं आणि एक बंब. उभी हयात त्यांनी जिनिंगमधला कापूस आणि कडब्याच्या गंज्या विझवल्या होत्या. मी आखातातल्या एका तेल कारखान्याच्या फायर टीममध्ये आठ वर्षं राबून परत आलेलो, इथं कंत्राटावर. ते मला कधी नावानं हाक मारायचे नाहीत. "अबे दुबई, पाणी भरलं का?" मी दुबईत कधीच नव्हतो. हे त्यांना दोनदा सांगितलं आणि मग सोडून दिलं.

आमचं खरं भांडण लागलं ते एका खोक्यावरून. परदेशातल्या काही निवृत्त फायरमन लोकांनी आमच्यासारख्या भुक्कड केंद्रांसाठी सामान पाठवलं होतं. ते फिरत फिरत आमच्याकडं कसं आलं, देव जाणे. जाड कोट, हातमोजे, फोमचे, म्हणजे आग दाबायच्या फेसाचे, दोन ड्रम, तो सोडायची ब्रांच म्हणजे नळीच्या टोकाला लावायची लांब तोटी, एक पेनड्राइव्ह आणि एक रंगीत पुस्तक. साधनं कमी असताना पेट्रोलची आग कशी हाताळायची, हा त्या पुस्तकाचा विषय. त्यातलं इंग्रजी वाचू शकणारा केंद्रात मी एकटाच.

पहिलंच चित्र पाहून मी मोठ्यानं हसलो. पाच बंब ओळीनं उभे आणि खाली लिहिलेलं, मनुष्यबळ मर्यादित असल्यास. अरे बाबांनो! आम्हाला दुसरा बंब हवा तर तो शेजारच्या तालुक्यातून येणार, तोवर आग आपली आपणच दमून विझते. पेनड्राइव्हमधला गोरा मास्तर तर रिफायनरीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विश्वासात घ्या म्हणत होता. बुलढाणा जिल्ह्यात रिफायनरी! आमच्याकडं सोयाबीन आहे, कापूस आहे आणि घाट उतरून मोताळ्याकडं जाणारे टँकर आहेत. ह्या लोकांना आमचा नकाशा कोणी दाखवला असता तर बरं झालं असतं.

पण त्यातली फोमची दोन पानं मात्र खणखणीत होती. कापूस पेटला की पाण्याचा फवारा थेट गाठीच्या पोटात घुसवावा लागतो, तितका जोर लावला तरच आतली आग मरते. पेट्रोलचं नेमकं उलटं. त्यात जोरानं काही घुसवलं की ते उसळून अंगावर येतं. फोम समोरच्या बांधावर किंवा जमिनीवर सोडायचा आणि तो घरंगळत जाऊन पेट्रोलवर पसरू द्यायचा, भाकरीवर पिठलं वाढतात तसा. फोम मारायचा नसतो, पांघरायचा असतो. हे डोक्याला पाच मिनिटांत कळतं. पण कापसावर तीस वर्षं घासलेल्या हाताला ते सरावाशिवाय कळत नाही, आणि एक दिवस तो हात पेट्रोलसमोर उभा राहणार हे मला लख्ख दिसत होतं.

"साहेब, मागच्या पडीत लोखंडी ट्रे ठेवू, थोडं पेट्रोल ओतू अन् एक ड्रम फोडू. साऱ्यायचा हात बसन."

"अन् तपासणीवाल्याले काय दाखवू? रिकामा ड्रम?"

"वापराची चीज हाय ते. लोणचं नोहे मुरवत ठेवाले."

"तू तुह्या दुबईत मुरव."

असलं आमचं बोलणं. खोकं स्टोअरला गेलं, किल्ली त्यांच्या कमरेला. दसऱ्याला तेवढं बाहेर निघालं. ड्रमांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. कोटांवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नाही, कारण काढलं की कोट जुने होतात ना! त्याचा फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पडला आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गट सोडला.

मग उन्हाळा लागला. एका दुपारी बाकीचे दोघं जेवायला गेले होते. साहेब माझ्या खाटेजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल पुढं केला. कुठल्याशा रस्त्यावर टँकर जळत होता, बंबवाले मागं पळत होते.

"पाह्यलं का?" ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "चाल, मले शिकव ते. ते दोघं यायच्या आधी. मले एकट्याले."

मी ताडकन उठायला हवं होतं. ज्याच्यासाठी वर्षभर डोकं आपटलं, ते चालत माझ्या खाटेपाशी आलं होतं. पण माझ्यात तो दसरा आणि सगळ्या दुबया साचलेल्या होत्या.

"काऊन साहेब, लाज वाटून राह्यली का? उद्या साऱ्यायपुढं इचारा. मंग शिकवतो."

त्यांचा चेहरा उतरला. "राह्यलं," म्हणाले आणि गेले. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. बंबाच्या ड्रायव्हरला मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

पंधरवडाही झाला नसेल. घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलचा टँकर उलटला. आम्ही पोचलो तेव्हा टँकरचा चालक लिंबाखाली डोक्याला दुपट्टा बांधून बसला होता. पेट्रोल रस्त्याकडेच्या नालीत वाहत होतं आणि नालीवर माणसांची ही झुंबड! बादल्या, घागरी, दुधाच्या कॅना. जत्रा भरली होती नुसती.

"मांगं व्हा! जळून मरान सारे!" मी ओरडलो.

"तुह्या बापाचं हाय का? वाहूनच जाऊन राह्यलं तं भरू दे न बे," एकजण म्हणाला. मी त्याची कॅन हिसकली, त्यानं माझी कॉलर धरली.

मागून साहेबांचा आवाज आला, "दुबई, तू लोकायले हाकल! ब्रांच म्या धरतो." खोकं त्यांनी येताना बंबात टाकलं होतं, आणि आता ड्रमचं सील स्वतःच्या हातानं तोडत होते. अंगात नवा कोट होता. मी तेव्हा एवढंच ओरडून सांगायला हवं होतं, की साहेब, बांधावर सोडा, आगीत नका मारू. तीन सेकंदाचं काम. पण माझं तोंड शिव्या देण्यात गुंतलं होतं.

शिव्या, धक्के, दोनचार फटके देऊन मी माणसं शेतात रेटली. तेवढ्यात एका शहाण्यानं नालीच्या टोकाला लावलेली मोटरसायकल किक मारून चालू केली. भक्क! तो गाडी टाकून पळाला म्हणून वाचला. आग नालीतून सरसर टँकरकडं निघाली. साहेब मागं हटले नाहीत. दोन पावलं पुढं गेले, कंबर वाकवली आणि गाठ फोडतात तसा फोमचा फवारा आगीच्या पोटात घुसवला. पेट्रोल उसळलं. कोटानं छाती वाचवली. हातमोजे मात्र बंबाच्या सीटवर होते, पाकिटात.

मी धावत जाऊन त्यांच्या हातून सुटलेली ब्रांच उचलली आणि फोम पलीकडच्या बांधावर सोडला. तो घरंगळत खाली आला, पसरला आणि आग विझली. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ लागला. बस्स, एवढंच होतं ते.

नगरपरिषदेनं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि परदेशी प्रशिक्षणाचं कसं चीज झालं यावर भाषण. मी फुकट्या नेत्यांना मनात शिव्या देत, शाल पांघरून फोटो काढून घेतला.

साहेबांना दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही तिघं देऊळघाटला त्यांच्याकडं गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. काकू त्यांना घास भरवत होत्या. मी दाराशीच बसलो. साहेबांनी घास गिळला, माझ्याकडं पाहिलं आणि त्या सगळ्यांसमोर विचारलं, "सांग आता. माह्यं कुठं चुकलं?"

मी सांगितलं. गाठीत पाणी घुसवतात तसं करायचं नाही, समोरच्या बांधावर सोडायचं, त्याला आपल्या वजनानं उतरू द्यायचं. ते पट्ट्यांतले हात उचलून अंदाज घेत होते. "असं?" मी म्हटलं, अजून थोडं खाली. त्यांनी हात खाली आणले.

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "एवढंसंच होतं, तं आधी काऊन नाई सांगतलं बाप्पा?"

ड्रायव्हरनं मान खाली घातली. मी तोंड उघडलं, पण साहेब आधी बोलले.

"म्या कधी इचारलंच नाई त्याले," ते म्हणाले. "त्याले चहा दे."

चहा आला. मी तो सगळा प्यालो.