डावीकडचं पहिलं पान

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिच्याजवळ तर मुळीच नाही. तुम्हालाच का सांगतेय? कदाचित तुम्ही सुजाताला ओळखत नाही म्हणून.

सुजाता सटाण्याची. नाशिकला आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. डब्यातली शेवभाजी आधी माझ्या झाकणात वाढायची, मग स्वतः जेवायची. ऑफिसात बोलणं अगदी पुस्तकी, पण घाबरली की अहिराणी बाहेर पडायची. ती कोड लिहायची, मी तो तपासायचे. माझी ख्याती — हसू नका — अशी होती की माझ्या हातून चूक सुटत नाही. ती ख्याती मी आवडीने मिरवत होते.

आम्ही स्वतःचा डेटाबेस बनवत होतो. त्याच्या पोटात नोंदी शोधायला एक झाड असतं. उलटं — मूळ वर, पानं खाली, आणि पानांवर ओळीने नोंदी. पान भरलं की त्याची दोन होतात. नोंदी काढत गेलं आणि पान रिकामं व्हायला आलं की ते शेजारच्या पानात मिसळतात. हे मिसळणं लिहायचं काम सुजाताचं. मिसळताना एखादी नोंद हरवत नाही ना, हे बघायचं काम माझं.

मी टेस्ट लिहिली. ढीगभर नोंदी भरायच्या, वाटेल त्या क्रमाने काढायच्या, आणि दर वेळी झाड धड आहे का ते बघायचं. हा ‘वाटेल तो’ क्रम संगणक एका आकड्यावरून ठरवतो. आकडा बदलला की क्रम बदलतो. तोच ठेवला की क्रमही तोच. जरा धीर धरा, माझं सगळं पाप या आकड्यातच आहे.

टेस्ट बहुतेक वेळा पास व्हायची. क्वचित कधीतरी नापास. त्याआधी एकदा मी झाड मोडतंय म्हणून मीटिंगमध्ये गवगवा केला होता, आणि चूक माझ्याच टेस्टमध्ये निघाली होती. सगळे हसले होते. पुन्हा हसं करून घ्यायचं? मी काय केलं — ज्या आकड्याने टेस्ट पास होत होती, तो तिथे कायमचा लिहून टाकला. मग ती रोज पास. रोज हिरवी खूण. मनाशी म्हटलं, सवडीने बघू. ती सवड मी कधी काढली नाही.

एका दुपारी सुजाता दोन कप चहा घेऊन आली. म्हणाली, “ताई, सगळ्यात डावीकडचं पहिलं पान आहे ना, त्याला डावा शेजारीच नाही. ते उजवीकडे मिसळावं लागतं. तठे काहीतरी गडबड शे.”

मला तो कायमचा लिहून टाकलेला आकडा आठवला. आणि तोंडाने मी म्हणाले, “अगं, सगळ्या क्रमांनी चालवून बघितलंय. तू उगाच डोकं शिणवतेस.”

तिचा चेहरा लगेच मोकळा झाला. तो चेहरा मला अजून दिसतो. तिने त्या जागेचा विचार सोडला, दुसरीकडचा थोडा कोड आवरला, आणि आमचा डेटाबेस पिंपळगाव बसवंतच्या एका कोल्ड स्टोरेजला बसला.

कोल्ड स्टोरेजमध्ये जुना माल आधी बाहेर जातो. म्हणजे नोंदीही जुन्या आधी निघतात — डावीकडच्या पहिल्याच पानावरून, रोज. द्राक्षांच्या पेट्या समोर रचलेल्या आणि संगणक म्हणतो, असा माल नाही. गाडी दारात उभी. सुजाता स्वतः गेली आणि कुणाचा तरी स्वेटर घालून त्या गारठ्यात दिवसभर पेट्यांवरची लेबलं वाचत फिरली. दुसऱ्या दिवशी सर्दीने बेजार. मी घरून थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला. “ताई, तुम्ही आहात म्हणून,” म्हणाली. मी कोण होते तिची?

मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, टेस्टमध्ये हे का नाही सापडलं? माझ्याआधी तीच बोलली. “ताईंनी सगळं तपासलं होतं, सर. नंतर मीच हात लावला, त्यानेच मोडलं असणार.” मी टेबलावरचा पेला फिरवत बसले.

सरांनी आमचं झाड बाजूला ठेवून तयार डेटाबेस घ्यायचं ठरवलं, त्यामुळे कुणी खोलात गेलं नाही. मी गेले. सुजाताने शेवटचा हात लावण्याआधीचा कोड काढला आणि आकडे बदलत टेस्ट चालवत राहिले. एका आकड्याला ती नापास झाली. डावीकडचं पहिलं पान. म्हणजे तिने नंतर काहीच मोडलं नव्हतं. तिची शंका खरी होती आणि मी ती विझवली होती. मी संगणक बंद केला आणि घरी गेले.

सुजाताने झाडाचं काम सोडलं, रिपोर्ट बनवायला लागली. पुढे तिला दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं, नेमकं याच कामासाठी. तिने मलाच विचारलं. “ताई, शंका घ्यायची तिथे मी घेत नाही, नको तिथे घेते. मला हे जमेल का?” तेव्हा तरी सांगावं की नाही? मी म्हणाले, तुझ्या मनाला विचार. तिचा त्या मनावर भरवसा उरला नव्हता, आणि तो कुणी घालवला हे मला माहीत होतं. ती गेली नाही.

कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. ती इथे मांडत नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. हे खरं आहे, आणि त्याने काही भरून येत नाही.

गेल्या रविवारी इंदिरानगरला तिच्या घरी जेवायला होते. तिने शेवभाजीचा रस्सा चमच्यात घेतला, फुंकर घातली आणि माझ्यापुढे धरला.

“ताई, मीठ बघा ना. मला कमी वाटतंय, पण मला काय कळतंय.”

मीठ कमीच होतं.

“कमी आहे,” मी म्हणाले. “बरोबर कळलं तुला.”

ती केवढी खूश झाली. चिमूटभर मीठ घालत म्हणाली, “तुम्ही सांगितलं की मग खात्री वाटते.”

मी ताट वाढून घेतलं आणि जेवले.