पंगतीच्या टोकाची जागा

आमच्या भावकीत एक रीत आहे. ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं येड्यासारखं वाटेल. पंगत बसली की टोकाच्या जागेवर भावकीतला वडील माणूस बसतो. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय कोणी पत्रावळीला हात लावत नाही, आणि तो उठल्याशिवाय कोणी उठत नाही. तो उठला की पंगत उठली. मग कोणाच्या पत्रावळीवर काय राहिलं ते राहिलं. म्हणून टोकावरच्या माणसानं शेवटच्या माणसाचं होईपर्यंत जेवत राहायचं असतं. रिकामी पत्रावळ पुढं ठेवून तो बसला तर वाढणाऱ्यांची अब्रू जाते.

या जागेवर माझा बाप बसला, मग थोरला चुलता बसला, मग मी. लई वर्षं बसलो. आणि मी त्या जागेला शोभत होतो, हे मी नाही, गाव म्हणायचं. आमच्याकडं नवसाला रोडगे करतात. गव्हाच्या जाड्या पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, चुरायचे, वर तूप, वरण, बाजूला वांग्याची भाजी. भली भली माणसं दोन रोडग्यांत मान टाकतात. मी चौथा घ्यायचो.

"आबा, अजून एक टाकू का?"

"इचारतो काहून? टाक."

डॉक्टरच्या काट्यावर माझा आकडा मावत नव्हता. पोरं म्हणायची, आबाला हिंगोलीच्या मोंढ्यात न्या, हळदीच्या पोत्यासंगं काट्यावर उभं करा. मीपण हसायचो. त्यात हसण्यासारखं होतंच.

मग गुडघे गेले. एका लग्नात पंगत झाली, मी उठायला गेलो आणि उठताच येईना. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, तरी बूड हलेना. सगळी पंगत माझ्याकडं बघत बसलेली. शेवटी दोन जण उठून आले, त्यांनी माझ्या काखेत हात घातले आणि मला वर ओढलं. आता बघा, मला उठवायला ते दोघं माझ्याआधी उठले होते. रीत तिथंच मोडली. पाठीमागून कोणीतरी बोललं, "फुडच्या बारीला जेसीबी सांगून ठिवा रे." सगळी पंगत हसली. त्या दिवशी मी हसलो नाही.

माझा पोरगा नांदेडला नोकरीला आहे. त्यानं गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, एवढ्या वजनावर मी गुडघ्याला हात लावत नाही, आधी पोटाच्या डॉक्टरकडं जा. पोटाच्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. जठराचा मोठा भाग कापून काढायचा, केळ्याएवढी नळी ठेवायची. दुर्बिणीतून करतात, मोठा काप नसतो. शुगरही उतरेल म्हणाला. मी एकच विचारलं.

"मला मांडी घालून बसता येईल का? आन् कोणाचा हात न धरता उठता येईल का?"

"येईल बाबा. कदाचित गुडघ्याचं ऑपरेशनपण लागणार नाही."

ते खरं निघालं. खोटं कोणी बोललं नाही. मी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

ऑपरेशन झालं. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या आधी एक मुलगी आली, खाण्यापिण्याचं सांगणारी. माझ्या नातीच्या वयाची. तिनं विचारलं, "बाबा, पोट भरलं हे तुम्हाला कसं कळतं?"

"पंगत उठली की कळतं."

"आणि घरी?"

"घरी टोपल्यातल्या भाकरी सरल्या की."

ती हसली. पण मी थट्टा करत नव्हतो. खरंच सांगतो, माझं पोट भरलं असं पोटानं मला जन्मात कधी सांगितलं नव्हतं. वाढणारा थांबला की मी थांबायचो. आत काही सांगणारं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

ती म्हणाली, आता पोट सांगेल, तुम्ही ऐकायला शिका. नाकातून पाणी येईल, उचकी लागेल, इथं छातीच्या हाडाखाली दाबल्यागत होईल. त्या खुणेच्या एक घास आधी थांबायचं.

"एक घास आधी कसं कळंल?"

"सवयीनं."

घरी आलो. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. घास तोंडात इतका चावायचा की गिळायला काही राहू नये. आमच्या घरच्यांनी, म्हणजे बायकोनं, नातवाची दूधभाताची वाटी माझ्यापुढं ठेवली. तीत वरणात कुस्करलेला भात, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग. मी चघळत बसायचो आणि ती समोर बसून बघायची.

"लेकराला भरवायचे तवा बी येवढा येळ लागत नव्हता."

"तू जेव की तुझं."

"तुमचं झाल्याबिगर कवा जेवले का मी? आन् तुमचं होतंय कवा, तेच कळंना."

खरं होतं. मी दिवसातून पाच-सहा वेळा दोन-दोन चमचे खायचो. तिला कळेना की तिनं नेमकं कशाच्या मागून जेवावं. काही दिवस ती वाट बघत उपाशीच राहिली, मग चुलीपुढं बसून एकटीच उरकायला लागली. भाकरी थापण्याचा आवाज कमी झाला. दोन भाकरी केल्या की तवा उतरायचा.

आणि भूक गेली. लोकांना वाटतं कमी खाणं अवघड. ते नाही. भूक जाणं अवघड. आधी सकाळची भूक, दुपारची, दिवे लागताना लागायची ती, अशी भूकच दिवसाचे वाटे करायची. आता सकाळ झाली की ती तशीच रात्रीपर्यंत पडलेली असायची. वजन उतरलं. सदरे खांद्यावरून उतरायला लागले. गळ्याखालचं कातडं लोंबायला लागलं. गुडघे मात्र हलके झाले. मी अंगणात मांडी घालून बसायचो आणि कशाला न धरता उठायचो. उगीच, दिवसातून चारदा. शेजाऱ्यानं बघितलं की अजून एकदा.

ऑपरेशनचं मी गावात कोणाला सांगितलं नव्हतं. पोट कापून घेतलं म्हटलं असतं तर गावानं एकच म्हटलं असतं, खाऊन खाऊन कापायची पाळी आली. मी सांगायचो, गुडघ्याचं औषध चालू आहे, पथ्य आहे.

मग माझ्या धाकट्या चुलतभावाकडं नवसाचे रोडगे निघाले. त्याला नातू झाला होता. शेतात कडूलिंबाखाली स्वयंपाक, सेनगावकडून त्याचे व्याही येणार. तो स्वतः सांगायला आला.

"भाऊ, टोकाला तुमीच."

"मीच. दुसरं कोण?"

तो गेल्यावर घरचे म्हणाले, "अवो, आताच सांगून टाका. जमणार न्हाई तुम्हाला."

"बसायला येतंय मला. उठायला बी येतंय."

"खायला येतंय का?"

 मी डोक्यात बेत केला होता. रोडगा बारीक चुरायचा, वरणात कालवत राहायचं, हात चालू ठेवायचा, तोंड नाही. चिमूटभर घ्यायचं आणि चघळायचं. लांबून बघणाऱ्याला आबा जेवताना दिसले म्हणजे झालं.

त्या दिवशी मी टोकावर जाऊन मांडी घातली. कोणाचा हात धरला नाही. दोघंतिघं म्हणाले, "आबा तर जवान झाले." उजव्या हाताला व्याही बसले, माझ्याच वयाचे, अंगानं भरलेले. मी पहिला घास घेतला, पंगत चालू झाली. बेत चांगला चालला होता. पहिली चिमूट गेली, दुसरी गेली, तिसरीला नाक ओलं झालं. खूण आली. मी थांबलो, नुसता कालवत बसलो. मला वाटलं, जमलं. शिकलो आपण. वरणाची दुसरी फेरी निघाली होती, शेवटाकडची पोरं भाजी मागत होती, हसणं चाललं होतं. लई दिवसांनी बरं वाटलं, ते तेवढंच.

तेवढ्यात व्याह्यांनी तुपात भिजवलेला रोडग्याचा मोठा घास केला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"आबा, आमच्या हातचा एक."

"नको हो, लई झालं."

"लई? तुमचं नाव सेनगावपतुर ऐकून आहोत आमी. घ्या, न्हाईतर आमी उठतो."

आता व्याह्याच्या हातचा घास. तो परत कसा करणार? पोरं बघत होती, वाढणारे बादल्या धरून थांबले होते. मी तोंड उघडलं.

तो घास मी चावला, पण सगळे बघत असताना किती चावणार. गिळला. तो छातीच्या हाडामागं जाऊन बसला आणि तिथंच राहिला. आधी उचकी आली. मग तोंडात फेस यायला लागला, पांढरा, चिकट. थुंकावं तर पत्रावळ पुढं. कपाळावर घाम सुटला. पंगतीत ओकलो तर पन्नास माणसांच्या जेवणाची घाण होणार, उठलो तर पंगत उठणार. मी दात आवळून बसलो. व्याही काहीतरी सांगत होते, त्यांच्या म्हशीचं. मला नुसते ओठ हललेले दिसत होते. आणि मग बसवेना.

मी उठलो. कशाला न धरता, एका झटक्यात उठलो.

तुरीच्या उभ्या ओळींमागं जाऊन मी वाकलो. बरंच झाल्यावर तोंड पुसून परत आलो तर पंगत उभी होती. सगळी. कोणाच्या हाताला वरणभात लागलेला, कोणाच्या पत्रावळीवर अख्खा रोडगा. लहान लेकरांना आयांनी दंडाला धरून उठवलं होतं, त्यातलं एक रडत होतं. वाढणारे बादल्या घेऊन तसेच उभे. व्याही पत्रावळीपासून दोन पावलं लांब, हात तसाच खरकटा.

आमच्याकडं वडील माणूस मधूनच उठला तर त्याचा एकच अर्थ होतो. तो रुसला. चुलतभाऊ माझ्यापुढं आला, हात जोडून.

"भाऊ, काय चुकलं आमचं?"

"काही न्हाई."

"मग असं काहून केलं?"

व्याही हळूच म्हणाले, "आमच्या हातचा घास त्यायला गोड लागला न्हाई वाटते."

मला बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण मी मान वर करून लिंबाकडं बघत उभा राहिलो. चुलतभावाचे डोळे भरून आले होते. शेवटी बायकांतून आमच्या घरचे पुढं आले, पदर सावरत, आणि सगळ्यांपुढं बोलले, "रुसले न्हाईत ते. पोट कापलंय त्यांचं. तीन घास बी जात न्हाईत. सांगू देत न्हाईत कोणाला."

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी भांडलो असतो, भांडायला मी तयार होतो. सगळे माझ्या पोटाकडं बघायला लागले. एक जण म्हणाला, "आधी सांगायचं की आबा." दुसऱ्यानं माझ्यासाठी कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची आणली. चुलतभावानं नव्या पत्रावळी मांडायला लावल्या, पण एकदा उठलेलं माणूस पुन्हा बसत नाही. व्याही म्हणाले, "झालं आमचं, पोटभर झालं." त्यांचं झालं नव्हतं. मला आता ते बघून कळतं. ते अर्धपोटीच गाडीत बसले. त्या रोडग्यांतले कितीतरी मग गुरांपुढं टाकले.

पोराला फोनवर कळलं. तो म्हणाला, "बाबा, लोकांना कळलं ते बरंच झालं. आता कोणी आग्रह करणार नाही."

त्याचं म्हणणं बराबर होतं. आता कोणी करत नाही.

त्यानंतर भावकीत पुन्हा रोडगे निघाले. चुलतभाऊ आला, उभ्यानंच बोलला. बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"भाऊ, यंदा टोकाला मी बसतो. तुमी खुर्चीवर बसा लिंबाखाली, सावलीला. तुमच्यासाठी पातळ वरण येगळं काढायला सांगतो."

"माझं येगळं काही काढू नका."

"तसं न्हाई भाऊ, तकलीफ नको म्हणून."

"म्हटलं ना, काढू नका."

मी गेलो नाही. घरच्यांना पाठवलं. शेत जवळच आहे, अंगणात बसलं की सगळं ऐकू येतं. आधी भांड्यांचा आवाज, मग थोडा वेळ सगळं चिडीचूप. म्हणजे चुलतभावानं घास घेतला असणार. मग एकदम गलका.

घरचे मधूनच निघून आले. बायकांची पंगत अजून बसायचीच होती. पदराखाली वाटी होती, नातवाचीच. तीत रोडग्याचा सुपारीएवढा तुकडा, वरणात भिजवून मऊ केलेला.

"खा. तुमी खाल्ल्याबिगर मी तिकडं बसत न्हाई."

मी मांडी घालून बसलो. अर्धा तुकडा तोंडात घातला. तुपाचा वास आला, गोवरीच्या धुराचा आला. चावत राहिलो. गिळला. उरलेला उचलला आणि तोंडापाशी नेला तेव्हा कळलं. नाक वाहिलं नव्हतं, उचकी नव्हती, छातीत काही नव्हतं. तरी कळलं. ती मुलगी म्हणत होती ते हेच. एक घास आधी.

मी तुकडा परत वाटीत ठेवला.

"झालं?"

"झालं."

तिनं वाटी उचलली. शेतातून आवाज येत होता, वरण, वरण, इकडं भाजी. चुलतभाऊ अजून जेवत होता.

मी कशाला न धरता उठलो.